दुखणं लांबलं की आधी फाइल लावा

धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात, ओपीडीच्या टेबलावर आम्ही मायची पिशवी उपडी केली. साडीच्या दुकानाची पिशवी होती. तिच्यातून सोनोग्राफीचे दोन रिपोर्ट, रक्ताच्या चुरगळलेल्या चिठ्ठ्या, तीन गावांतल्या मेडिकलची बिलं, एक वीजबिल आणि मोसंबीचं वाळकं साल पडलं. समोरच्या तरुण डॉक्टरने विचारलं, त्रास कधी सुरू झाला? मी म्हणालो, दिवाळीत. दादा म्हणाला, गणपतीत. आणि जिचं दुखणं होतं ती म्हणाली, "आखाजीपाईन दुखस माले. कोनी इचारंच नही."

तेव्हा होळी होऊन गेली होती. आखाजीपासून, म्हणजे अक्षय्यतृतीयेपासून मोजले तर अकरा महिने. तेवढ्यात सहा डॉक्टर झाले होते. दोनदा 'टायफॉइड निघाला', एकदा 'मणक्यात गॅप', एकदा सायटिका, एकदा 'वाताचं' आणि शेवटी 'वयाचं'. खरं निघालं ते वेगळंच. मणक्याचा टीबी.

सहापैकी एकही डॉक्टर लुच्चा नव्हता, हे आज शांतपणे सांगता येतं. तेव्हा शिव्याच घातल्या होत्या. झालं एवढंच की प्रत्येकाने पहिल्या पानापासून सुरुवात केली, कारण आधीची पानं आमच्या पिशवीच्या तळाशी होती. लांबलेलं दुखणं एका भेटीत सहसा सापडत नाही. आधी काय दिलं, त्याने किती दिवस बरं वाटलं, पुन्हा कधी उलटलं, हे ओळीने समोर आलं की सापडतं. ती ओळ डॉक्टरकडे कधीच नसते. ती घरच्यांनी धरायची असते, आणि ते आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

ज्यांच्या घरात महिना होत आला तरी माणूस उठत नाहीये आणि आता कुठे न्यावं हे कळत नाहीये, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

यातलं काही असेल तर पुढचं वाचू नका, निघा

पायांतली ताकद कमी होत चालली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, थुंकीतून रक्त आलं, संडास डांबरासारखी काळी झाली, दम लागून वाक्य पूर्ण होईना, झटका आला, माणूस बरळायला लागला, तर फाइल नंतर लावा. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने मोठा दवाखाना गाठा. बाकीच्यांनी एक दुपार काढून घरी बसा.

तारीख शोधायची पद्धत

म्हाताऱ्या माणसाला 'कोणत्या महिन्यापासून' विचारलं की तो अंदाजाने काहीतरी सांगतो, कारण त्याचा काळ कॅलेंडरवर चालत नाही. आपल्या खान्देशातले सण विचारा. आखाजीला लेकी आल्या होत्या तेव्हा पुरणाचं जेवण तूच केलंस का? श्रावणातल्या कानबाईच्या रोटांचं दळण कोणी दळलं? पोळ्याला बैलांमागे चालत गेला होतात का? कापूस वेचायला किती दिवस गेलीस, आणि सोडलंस कधी? सारंगखेड्याच्या जत्रेला आलात तेव्हा घोडेबाजार फिरलात की गाडीतच बसून होतात? अशा पाच प्रश्नांत मायची अख्खी वाट सापडली. आखाजीला पाठीत कळ, कानबाईला वाकता येईना, कापसाच्या वेळी संध्याकाळी कणकण, संक्रांतीला ब्लाऊज सैल.

ते ब्लाऊजचं वाक्य डॉक्टरने अधोरेखित केलं. वजन घटणं आम्ही कोणालाच सांगितलं नव्हतं, आम्हाला ते वयाचं वाटत होतं.

हे सगळं एका पानावर लिहा. एकाच. पाठपोट नको, डॉक्टर पान उलटत नाहीत. वर वय, साखर-बीपी आहे का, घरात कोणाला टीबी, सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) किंवा थायरॉइड होता का, तंबाखू-दारू, कोणत्या औषधाने अंगावर आलं होतं का. खाली सणावारांवरून काढलेल्या तारखा. ताप येत असेल तर आठवडाभर थर्मामीटरने मोजून सकाळ-संध्याकाळचे आकडे, आणि मोजण्याआधी तापाची गोळी दिली होती का तेही. 'अंगात असतो' याला आकडा नसतो. वजन घ्यायला दवाखानाच लागतो असं नाही, किराणा दुकानातला मोठा काटाही चालतो, फक्त दर वेळी तोच काटा घ्या.

बोलताना आधी दुखणाऱ्याला बोलू द्या. अहिराणीत बोलू द्या. 'ठणकस', 'मुंग्या येतस', 'कळ मारस' या तिन्हींचा अर्थ डॉक्टरला वेगवेगळा लागतो. आम्ही पोरं तिन्हींचं भाषांतर 'पाठ दुखते' असं करून मोकळं व्हायचो. डॉक्टर विदर्भाचा किंवा कोकणातला असेल तर दुभाष्या व्हा, पण माणसाचं वाक्य संपल्यावर.

फाइल

स्टेशनरीतून चाळीस-पन्नास रुपयांची प्लास्टिकच्या पाकिटांची फाइल आणा. कागद तारखेप्रमाणे लावा, सगळ्यात नवीन वर. चिठ्ठ्या, रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड असे तीन गठ्ठे करायचा मोह होतो. करू नका. एकाच ओळीत तारखेने लागले की कोणत्या औषधानंतर कोणता रिपोर्ट बदलला ते दिसतं. एक्स-रे, एमआरआयच्या फिल्म वेगळ्या मोठ्या पाकिटात, त्यावर तारीख. फक्त रिपोर्टचा कागद पुरत नाही. मोठ्या दवाखान्यात फिल्म मागतात, नाहीतर तपासणी पुन्हा. प्रत्येक कागदाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

आता जो कागद कधीच मिळत नाही त्याबद्दल. गावात दवाखान्यात इंजेक्शन टोचतात, कागदी पुडीत चार रंगांच्या गोळ्या देतात, नाव कशावरच नसतं. रात्री दोन वाजता दार उघडणारा तोच एक माणूस असतो, त्यामुळे त्याच्याशी वाद घालावासा वाटत नाही, आणि घालूही नये. फक्त म्हणायचं, "डॉक्टरसाहेब, पुढे धुळ्याला दाखवायचंय, काय दिलं ते तेवढं लिहून द्या." नाहीच दिलं तर कंपाउंडरला सांगून फोडलेल्या बाटलीचा, गोळीच्या पट्टीचा फोटो घ्या. चिठ्ठीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक असायला हवा, तसा नियम आहे. जिथे चिठ्ठीच नाही आणि क्रमांकही नाही, तिथे दुसऱ्यांदा जाऊ नका.

एवढा आटापिटा दोन औषधांसाठी. एक स्टिरॉइड. डेक्सा, बेटनेसोल, प्रेडनिसोलोन ही नावं लक्षात ठेवा. टोचल्यावर काही तासांत माणूस उठून बसतो, भाकरी मागतो, आणि अख्खं गाव म्हणतं, याच्या हाताला गुण आहे. दम्यात, काही सांधेदुखींत ते खरंच लागतं. पण रोग ओळखायच्या आधी दिलं की ताप आणि सूज झाकली जाते, रोग आत तसाच राहतो. साखर वाढते. महिनोन् महिने घेतलेलं एकदम बंद केलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून हे वाचून घाईघाईने थांबवूही नका. नवीन डॉक्टरला सांगा, ते हळूहळू कमी करतील.

दुसरं, टायफॉइडच्या नावाखाली दिलेली अँटिबायोटिक्स. ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या जातीची औषधं टीबीच्या जंतूंवरही थोडीफार चालतात. मायचा ताप दर कोर्सला आठ दिवस उतरायचा. आम्हाला वाटायचं, म्हणजे टायफॉइडच होता. प्रत्यक्षात टीबी दबत होता आणि तपासण्या चकत होत्या. जंतू औषधाला सरावण्याची भीती वेगळीच.

आणि तो टायफॉइड निघायचा तरी कसा? विडाल नावाच्या तपासणीत. ती रक्तातल्या प्रतिपिंडांवरून अंदाज बांधते, आणि आपल्याकडे जुन्या संसर्गामुळे ती प्रतिपिंडं पुष्कळांच्या रक्तात आधीपासून असतात. एकाच वेळच्या विडालवर फारसा भरवसा ठेवता येत नाही. पक्कं करायचं तर रक्ताचं कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहणं), तेही अँटिबायोटिक सुरू करण्याआधी. वर्षात दोनदा 'टायफॉइड निघाला' असेल तर फाइल उघडून विचारा, "कल्चर कधी केलं होतं का?"

सलाईनचं सांगूनच टाकतो. अर्ध्या लिटरच्या पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. दोन केळी खाल्ली तरी जवळपास तेवढी पोटात जाते. रावेर-यावलकडच्या माणसाने केळीच्या बागेतून उठून 'ताकदीचं सलाईन' लावायला पैसे द्यावेत याला काय म्हणावं! जुलाब-उलट्यांनी माणूस सुकला असेल, तोंडाने काही जात नसेल, तर सलाईन औषध आहे. एरवी ती महागडी साखर.

दार कोणतं

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात करायला लाजू नका. हिमोग्लोबिन, साखर, लघवी, थुंकी, सिकलसेलची पहिली चाचणी इथे होते, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी-उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने वेगळ्या खात्याचे, त्यांना तो निर्णय लागू नाही. तिथे खिडकीवर थोडी फी मागितली तर वाद घालण्यात सकाळ घालवू नका.

पंधरवडाभर काही उतार नाही, किंवा निदानच होत नाही, तर मेडिकल कॉलेज. खान्देशच्या तिन्ही जिल्ह्यांत आता आहे. धुळ्याचं जुनं, जळगावला २०१८ पासून, त्यानंतर नंदुरबारलाही झालं. पूर्वी शहाद्याच्या माणसाला एक तर धुळं नाहीतर सुरत एवढंच ठाऊक होतं.

मेडिकल कॉलेजची एक खुबी बाहेरच्याला कोणी सांगत नाही. ओपीडी 'युनिट'ने, म्हणजे डॉक्टरांच्या ठरलेल्या तुकडीने चालते. मेडिसिनचं एक युनिट सोमवारी-गुरुवारी, दुसरं मंगळवारी-शुक्रवारी, अशा ठरलेल्या वारांना (वार दवाखान्यागणिक वेगळे). तुमच्या केसपेपरवर ज्या युनिटचा आकडा आहे, पुढच्या वेळी त्याच युनिटच्या वारी जायचं. आम्ही दुसऱ्या भेटीला 'शुक्रवारी बाजार आहे, त्याच गाडीने जाऊ' म्हणून गेलो आणि समोर नवे डॉक्टर, नवी सुरुवात. तिसऱ्या वेळी युनिटचा वार धरून गेलो तर तो तरुण डॉक्टर मायला बघूनच म्हणाला, "आखाजीवाल्या आजी." हे ओळखीचं होणं पैशांनी मिळत नाही.

सकाळी केसपेपरची खिडकी उघडायच्या आधी पोचा. आधारकार्ड, रेशनकार्ड, जुना केसपेपर आणि मोबाइल सोबत. उपाशीपोटी रक्त द्यावं लागेल म्हणून रुग्णाला चहा न देता न्या, पण डब्यात भाकरी ठेवा. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला उपाशी ठेवण्याआधी मात्र डॉक्टरला विचारून घ्या. दुपारी रिपोर्ट दाखवायला पुन्हा रांग असते, त्यामुळे परतीची शेवटची एसटी किती वाजता, हे आधी विचारून ठेवा. दोन माणसं हवीत, एक रांगेत आणि एक रुग्णाजवळ. बायकांच्या दुखण्यात एक बाई सोबत हवीच. पाळी, पांढरं जाणं, लघवीचा त्रास या गोष्टी माय माझ्यासमोर बोलली नाही, वहिनीसमोर बोलली.

प्रवास झेपत नसेल, आणि नुसता रिपोर्ट दाखवायचा असेल, तर ई-संजीवनीवर मोबाइलवरून सरकारी डॉक्टरशी फुकट बोलता येतं. हाताने तपासल्याची सर त्याला येत नाही.

डॉक्टरसमोर चार प्रश्न

डॉक्टरकडे वेळ कमी असतो, म्हणून चिठ्ठीवर लिहून न्या.

तुम्हाला काय वाटतंय? यात आणखी काय असू शकतं? ते नाही हे कशावरून ठरेल? या औषधाने किती दिवसांत फरक पडायला हवा, आणि नाही पडला तर कधी येऊ?

चौथा सगळ्यात मोलाचा. त्याचं उत्तर चिठ्ठीच्या मागे तारखेसह लिहून घ्या. आमचे महिने गेले ते इथेच. कोणीच मुदत घालून दिली नव्हती, आणि आम्हीही मागितली नव्हती. 'बघू, गोळ्या संपल्या की' म्हणत पोळा आला, दिवाळी गेली.

रुग्णाला तपासून घेणं हेही विचारूनच घडवावं लागतं. सहापैकी दोघांनीच मायला आडवी करून पाठीवर हात ठेवला. बाकीच्यांनी रिपोर्ट पाहिले. मणक्यावर जिथे बोट ठेवल्यावर ती ओरडली, ती जागा एमआरआयमध्ये नंतर दिसली.

टीबी, सिकलसेल आणि रक्त कमी

लांबलेल्या दुखण्यांची यादी मोठी आहे, पण आपल्या भागात या तिघांना विसरून पुढे गेलात तर फसाल.

दोन आठवड्यांवरचा खोकला म्हणजे थुंकीची तपासणी, हे सगळ्यांना पाठ आहे. पण टीबी फुप्फुसाबाहेर मानेच्या गाठीत, पोटात, मणक्यात, मेंदूच्या आवरणातही होतो, आणि तेव्हा खोकला नसू शकतो. गाठीचा किंवा मणक्याचा तुकडा काढायचा ठरला तर सुई टोचण्याआधी एक वाक्य बोला, "नमुना दोन बाटल्यांत घ्याल ना?" एक फॉर्मेलिनमध्ये, पेशी पाहण्यासाठी. दुसरी सलाईनमध्ये, सीबीनॅट (टीबीचे जंतू मशीनवर झटपट शोधणारी तपासणी) आणि कल्चरसाठी. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर होत नाही आणि कोणतं औषध लागू पडेल ते कळत नाही. पहिल्या ठिकाणी मायचा सगळा नमुना फॉर्मेलिनमध्ये गेला. दुसऱ्यांदा सुई टोचावी लागली.

निदान झालं की नि-क्षय या टीबीच्या सरकारी यादीत नोंदणी होते, खासगी डॉक्टरकडे उपचार घेत असलात तरी. टीबीचा रुग्ण सरकारला कळवणं खासगी डॉक्टरलाही २०१२ पासून बंधनकारक आहे. गोळ्या फुकट मिळतात. पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये मिळायचे, ते नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले, थेट बँक खात्यात. खातं आधारला जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात, हे पहिल्या आठवड्यातच तपासा. चौकशीला १८०० ११ ६६६६.

सिकलसेल सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुवा-तळोदा-नवापूरकडे जास्त, पण तेवढ्यातच नाही. पोरगा वरचेवर हाडं दुखतात म्हणून रडतो, डोळे पिवळसर, 'रक्त कमी' म्हणून वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या, हे चित्र असेल तर साधी सोल्युबिलिटी चाचणी मागा. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे रोगच असं नाही. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या रक्ततपासणीने एएस म्हणजे वाहक, की एसएस म्हणजे रुग्ण, ते ठरतं. वाहक साधारणपणे धडधाकट असतो. त्याला लग्न जुळवताना उपयोगी पडणारी ती माहिती आहे, आजार नव्हे. रुग्णाला हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिड यांनी खूप फरक पडतो. लोह तपासून कमी निघालं तरच लोह. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ पासून सुरू आहे, त्यामुळे आता 'इथे होत नाही' असं सांगितलं तर पुढे कुठे पाठवता ते लिहून मागा.

आणि निव्वळ थकवा, हातापायांना मुंग्या, विसरायला होणं यांत बी-१२ आणि थायरॉइड बघून घ्या. पक्क्या शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं फार साधी गोष्ट आहे.

डॉक्टर बदलायचा तर

बदला, त्यात पाप नाही. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं हा रुग्णाचा मान्य हक्क आहे. पण आम्ही बदलायचो कसे, तर रागाने. 'याला काही कळत नाही' म्हणायचं आणि याचे कागद तिथेच सोडून पुढच्याकडे. आप्पा, म्हणजे आमचे काका, दर आठवड्याला नवं नाव आणायचे. कोणाच्या साडूला कुठे गुण आला, कोणाच्या व्याह्याला कुठे. माया होती ती त्यांची, पण मायचं रक्त सहा ठिकाणी सहा वेळा काढलं गेलं.

जाताना सांगून जा. "साहेब, एकदा मोठ्या ठिकाणी दाखवून येतो, चार ओळी लिहून द्या." बहुतेक जण देतात, कित्येकांना सुटल्यासारखंच वाटतं. भरती झाला होतात तर डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका, पूर्ण नोंदी मागा. मागणी केल्यापासून ७२ तासांत त्या द्याव्यात आणि तीन वर्षं जपून ठेवाव्यात असं वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे. अर्ज लेखी द्या, एका प्रतीवर पोच घ्या. नियमाचा कागद पहिल्या वाक्यात फडकावू नका, शेवटच्या वाक्यासाठी राखून ठेवा.

पैसे

महात्मा फुले जनआरोग्य योजना आपल्याकडे जुनी आहे. २ जुलै २०१२ ला ती राजीव गांधी जीवनदायी म्हणून पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळं होतं. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि रेशनकार्डाचा रंग आडवा येत नाही. मेख अशी की योजना भरतीवर आणि ठरलेल्या उपचारांवर चालते, ओपीडीवर नाही. लांबलेल्या दुखण्यात पैसा तर निदान होईपर्यंतच जास्त जातो. आमचा एमआरआय बाहेर, खिशातून झाला. म्हणून महागडी तपासणी करण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या माणसाच्या टेबलावर जाऊन विचारा, भरती करून ही योजनेत बसते का? योजनेत घेऊनही वर पैसे मागितले तर १५५३८८ ला तक्रार करा, तिथूनच, पैसे देण्याआधी.

धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या दवाखान्यांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत राखीव असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आजच काढून ठेवा. माणूस आयसीयूत असताना सेतूच्या रांगेत उभं राहणं मी पाहिलंय.

रोजच्या गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्र. ब्रँडचं नाव नेऊ नका, घटकाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहून न्या.

खान्देशाबाहेर

नंदुरबार-नवापूरवाल्यांना ताप्ती लाइनने सुरत जवळ. पण महाराष्ट्राची योजना तिथे चालेल असं धरून जाऊ नका, आयुष्मान कार्ड असेल तर त्या दवाखान्यात आधी फोन करून विचारा. जळगाव-भुसावळकडच्यांना संभाजीनगर, नाशिक किंवा रात्रीची मुंबईची गाडी. कॅन्सरचा संशय असेल तर परळचं टाटा लांब वाटलं तरी संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, तिथून सुरुवात करता येते. मुंबईत राहायचा प्रश्न असतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाच्या रुग्णांची आणि नातेवाइकांची सोय होते, दवाखान्याची चिठ्ठी लागते. रेल्वेत कॅन्सर, टीबी, किडनी, थॅलेसेमिया, सिकलसेलच्या रुग्णांना तिकिटात सवलत आहे. ठरावीक नमुन्यातल्या दाखल्यावर डॉक्टरची सही आणि शिक्का लागतो, तो ओपीडीतच मागा. एसटीतही सिकलसेल, डायलिसिस, हिमोफिलियाच्या रुग्णांना सवलत आहे.

घरातलं

भगताकडे न्यायचं म्हणणारं कोणीतरी प्रत्येक घरात असतं. आमच्याकडे आत्या होत्या. दादाने त्यांच्याशी भांडण केलं आणि पंधरा दिवस अबोला झाला, तोही मायच्याच उशाशी. मी नंतर एवढंच म्हणालो, "आत्या, अंगारा लाव, पण गोळीची वेळ चुकू देऊ नको, आणि पोटात मुळी-काढा काही नको." तेवढ्यावर त्या राजी झाल्या, आणि पुढे गोळ्यांची आठवण त्याच करायच्या.

उपचार सुरू झाल्यावरही लोक घाबरून थांबतात. टीबीच्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते. शेजारणीने पाहिलं आणि 'रक्त जास' म्हणाली, मायने दोन दिवस गोळ्या उशीखाली लपवल्या. ते केशरी अपेक्षितच असतं. खरं घाबरायचं ते वेगळ्या गोष्टींना. सतत मळमळ-उलट्या, अन्नावरची वासना उडणं, डोळे पिवळे होणं म्हणजे यकृताला त्रास. दिसायला अंधुक होणं किंवा लाल-हिरव्यातला फरक न कळणं म्हणजे इथाम्ब्युटॉलचा परिणाम असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना. फुप्फुसाच्या साध्या टीबीला सहा महिने लागतात. मणक्याला वर्षभर किंवा त्याहून जास्त, आणि दुखणं तिसऱ्या महिन्यातच थांबतं, तेव्हाच गोळ्या सोडाव्याशा वाटतात.

मायची फाइल आता पंचांगाशेजारच्या खिळ्याला टांगलेली असते. पहिल्या पाकिटात ते एक पान, त्याच्या मागे पुढच्या भेटीचा वार आणि युनिटचा आकडा. ईसीजी काढला असेल तर त्याची झेरॉक्स लगेच काढून ठेवा. तो कागद उष्णतेने छापलेला असतो, आणि खान्देशातल्या मे महिन्यात पत्र्याच्या घरात त्यावरच्या रेघा हळूहळू उडून जातात.